राखेच्या पाण्यावरची स्ट्रॉबेरी

कडूबाईच्या आधीची तिच्या आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथी तरी जगावी म्हणून आजीनं तिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तूला काळही तोंड लावणार नाही, असा म्हातारीचा हिशेब. तो खरा ठरला म्हणायचा. पोर जगली, पैठणच्या अंगाला एका खेड्यात वाढली, चौथीपर्यंत शिकली आणि सतराव्या वर्षी गोकुळच्या घरात आली. पुढं दोन वर्षांनी नवराबायको औरंगाबादला आले आणि पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यापासून आत, गुंठेवारीतला एक तुकडा घेऊन त्यांनी दोन पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. तेव्हा दारासमोर ज्वारीचं रान होतं. बघता बघता रानाचे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं झाली, घरांवर मजले चढले. माणसं वाढली तसे नळ वाढले. पाणी तेवढं होतं तेवढंच राहिलं.

गोकुळ पाणीपुरवठ्याच्या कामावर कंत्राटी लाईनमन होता. सायकलच्या दांडीला माणसाएवढी लोखंडी चावी बांधून सकाळी निघायचा, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचा, चावी आत घालून वॉल फिरवायचा आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचा. कुठल्या गल्लीला किती वेळ हे ठरलेलं होतं आणि गोकुळ त्यात मिनिटाचा फरक करत नसे. त्याचं स्वतःचं घर मात्र लाईनच्या शेपटाला. सगळ्यांचे ड्रम भरून झाले की कडूबाईच्या नळाला करंगळीएवढी धार लागायची.

"आवं, चावी तुमच्या हातात अन् आपल्याच घरी ही धार?" सुरुवातीला ती म्हणायची.

"चावी मपल्या हातात हाये. पाणी मपल्या बापाचं नाय."

पुढं तिनं विचारणं सोडलं. लेक मंजुषा झाली, शाळेत जाऊ लागली. कडूबाईनं मिटमिट्याच्या वाटेवरच्या नव्या रो-हाऊसांमध्ये धुण्याभांड्याची कामं धरली. त्यातलंच एक घर भानुमतीकाकूंचं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा मिहिर आणि सून हिमानी दोघंही नोकरीवाले. दोन हजार बाराच्या दसऱ्यानंतर मिहिर महाबळेश्वरला जाऊन आला आणि येताना स्ट्रॉबेरीच्या रोपांचा ट्रे घेऊन आला. कुंड्या आल्या, मातीच्या पिशव्या आल्या. हौसेपोटी सगळ्यांनीच रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तीन आठवड्यांत मुळं कुजली आणि रोपं मागच्या भिंतीशी कचऱ्यात गेली.

कडूबाई कचरा टाकायला गेली तेव्हा तिनं ती उकरून पाहिली. तीन रोपांचा मधला कोंब अजून हिरवा होता.

"काकू, ही नेऊ का?"

"अगं, मेली आहेत ती. स्ट्रॉबेरी आहे, आपल्याकडच्या हवेत नाही टिकत."

"मेली आसली तर टाकून देईन."

तिनं ती पदराच्या टोकात ओलं फडकं गुंडाळून घरी नेली. स्ट्रॉबेरी तिनं छावणीतल्या दुकानात जेलीच्या डबीवर छापलेली पाहिली होती, तेवढीच. पण रोप कसं जगवायचं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ओल धरते पण पाणी साचत नाही अशी माती पाहिजे, एवढं तिला त्या कुजलेल्या मुळांवरूनच कळलं. चुलीच्या भिंतीलगत पूर्वेच्या अंगाला तिनं हातभर उंच वाफा केला. त्यात नाल्याची वाळू, शेजारच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत घातलं आणि कोंब मातीवर राहील असं बघून रोपं लावली. दुपारी बारानंतर भिंतीची सावली त्यांच्यावर यायची.

जानेवारीत पहिली चार फळं लागली. लाल दिसताच तिनं तोडली आणि तिघांत वाटली. गोकुळनं दात कचकन आवळले. "ह्याच्यापक्षी आपली चिंच बरी." मंजूनं साखरेत बुडवून खाल्लं आणि तरी डोळे मिटले. तिघंही पोट धरून हसले. त्या घरात असं हसणं वारंवार होत नसे.

पुढचं फळ मात्र कडूबाईनं तोडलं नाही. एक दिवस थांबली, दुसरा थांबली. देठाजवळचा पांढरा खांदा लाल झाला तेव्हा सकाळी, घरात कुणी उठलेलं नसताना, नखानं देठ खुडला आणि वाफ्याजवळ उभ्यानंच ते खाल्लं. गोड होतं. कशासारखं गोड, हे तिला सांगता आलं नसतं. लग्नापासून घरातली कुठलीच वस्तू तिनं एकटीनं खाल्ली नव्हती. देठ तिनं मातीत दाबला आणि कुणाला काही बोलली नाही.

उन्हाळ्यानं काकूंचं बोलणं खरं करायला घेतलं. एप्रिलात पानांच्या कडा जळाल्या, मेमध्ये एक रोप बसलं. उरलेली दोन तिनं तेलाच्या डब्यात काढून रांजणाच्या तिवईखाली ठेवली, जिथं रांजणाचा पाझर थेंबथेंब खाली पडायचा. एक गेलं, एक राहिलं. पाऊस पडल्यावर त्या एका रोपानं लांब लांब तारा सोडल्या. तार जमिनीला टेकली की तिथं नवं रोप. एकाची अकरा झाली. दर हिवाळ्यात फळ, दर उन्हाळ्यात मरण, रांजणाखाली चार-सहा जीव, आणि आषाढात पुन्हा तारा, असं चक्र तिनं बसवलं. लोक दरवर्षी महाबळेश्वरची नवी रोपं आणतात, हे तिला काकूंकडून कळलं. तिला त्याची गंमत वाटली. तिची रोपं पडेगावचीच होती, तिथंच जन्मलेली.

पाण्याची तजवीज तिनं अशी केली होती. नळाचा थेंब वाफ्याला घालायचा नाही, ही अट तिनं स्वतःच घातलेली. तांदळाचं, भाजीचं, डाळीचं धुवण एका बादलीत जायचं. साबणाचं पाणी रोपांना चालत नाही म्हणून तिनं भांडी पुन्हा राखेनं घासायला घेतली. पाणी घमेल्यात ठेवायचं, राख खाली बसली की वरचं निवळ ओतायचं. पानं पिवळी पडली तर ताकाचं भांडं विसळून त्याचं आंबूस पाणी. रसवंतीवरची उसाची चिपाडं सुकवून ती मातीवर अंथरायची म्हणजे ओल टिकायची आणि फळ मातीला टेकायचं नाही. बुलबुल यायचे म्हणून वर जुनं नायलॉनचं लुगडं.

शेजारी, मधली एक भिंत सोडली की, सरूबाई. दोघी एकाच वर्षी पडेगावला राहायला आलेल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं भाकरी थापलेल्या. कडूबाईचा वाफा मोठा झाला तशी सरूबाईही भांडी राखेनं घासू लागली आणि रोज सकाळी तिच्या घरची बादली वाफ्याजवळ येऊ लागली. "मपलं पाणी गटारातच जातं की. तुमच्या लेकरांना पाजा," ती म्हणायची. फळांच्या दिवसांत कडूबाई रिकाम्या बादलीत दोन-चार फळं ठेवून बादली परत द्यायची.

दोन हजार पंधराचा पाऊस आलाच नाही म्हणायचं. त्याच्या आदलं वर्षही धड नव्हतं. पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं. दिवाळीपासून नळाला पाचव्या दिवशी पाणी यायला लागलं, संक्रांतीनंतर आठव्या. जायकवाडी तळाला गेली, अशी बातमी रोज असायची. तरी शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. त्याच वर्षी कडूबाईच्या गल्लीमागं चार मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांचे नळही त्याच लाईनला जोडले गेले. गोकुळला बायका रस्त्यात अडवायच्या. तो मान खाली घालून सायकल हाकायचा.

डिसेंबरात सरूबाईच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी ती गोकुळपुढं येऊन उभी राहिली.

"भावजी, फक्त आर्धा तास जास्ती सोडा. पावणेरावळे येऊ राहिले."

"वहिनी, तुम्हाला दिलं की उद्या शंभर जणी येत्यान."

"शंभर जणींच्या घरी लग्न नाय."

"ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी आसतंच. मला नाय जमणार."

लग्न टँकरवर झालं. त्यानंतर आठ दिवस वाफ्याजवळ बादली आली नाही. नवव्या दिवशी नवी सून बादली घेऊन आली, आणि मग रोज तीच येऊ लागली. वीस-एकवीस वर्षांची, लाजरी, माहेरच्या आठवणीनं डोळे ओले असलेली. कडूबाई रोज तिच्या हातावर एक पिकलेलं फळ ठेवायची आणि ती तिथंच खाऊन टाकायची, सासूच्या नजरेआड.

त्या वर्षी वाफ्यात चाळीस रोपं होती. फेब्रुवारीत फळ असं लागलं की रोज ताटलीभर उतरायचं. कडूबाई भानुमतीकाकूंना वाटीभर घेऊन गेली. हिमानीला इतकं अप्रूप वाटलं की रविवारी ती मुद्दाम घरी येऊन वाफ्याचे फोटो काढून गेली. तिनं ते आपल्या मोबाईलवरून ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, पडेगावात स्ट्रॉबेरी, आमच्या कडूबाईंची कमाल, त्यांचे मिस्टर पाणीपुरवठ्यात आहेत. पोरीच्या मनात कौतुकाशिवाय दुसरं काही नव्हतं.

चार दिवसांनी मंजू कॉलेजातून लवकर घरी आली. चप्पल न काढताच दारात बसली.

"आई, हे वाच." मग आईला अक्षर लावायला वेळ लागतो हे आठवून तिनंच वाचलं. फोटो हिमानीनं काढलेलाच होता, पण खालची ओळ वेगळी होती. "लाईनमनच्या अंगणात स्ट्रॉबेरी, आमच्या हंड्यात माती. पाणी कुठं जातं, बघा."

"कुणी लिहिलं?"

"काय माहीत. सगळ्या ग्रुपवर फिरू राहिलंय. बसमध्ये पोरी मला दाखवत होत्या."

कडूबाईला आधी त्यातला धोका कळलाच नाही. तिला वाटलं, खोटं आहे, सांगितलं की संपेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस बायका दारात आल्या. पाण्याचा दिवस होऊन सातवा दिवस होता. कुणाच्या घरात धड प्यायला नव्हतं. पुढं तिसऱ्या गल्लीतली गोजरबाई. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, आणि त्याचे कपडे धुवायला पाणी मिळत नव्हतं, हे कडूबाईला माहीत होतं.

"कडूबाई, बाहेर ये. तुहा बगीचा पाहायला आलोत."

कडूबाईनं वाफ्यावरचं लुगडं बाजूला केलं. हिरव्या पानांखाली लाल फळं. आजूबाजूला सगळं मातकट, वाळलेलं. त्यात ते हिरवं आणि लाल बघून कडूबाईलाच कसंसं झालं.

"पाणी कुठून येतं ह्याला?" गोजरबाईनं विचारलं.

"भांड्याचं हाये माय. तांदळाचं, भाजीचं. राखेनं घासते मी. हे बघा घमेलं."

"भांड्याच्या पाण्यावर इष्टाबेरी येती व्हय? मग आमच्या भांड्याच्या पाण्यावर काजू-बदाम यायला पायजे."

काही बायका हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. कडूबाईनं गर्दीत पाहिलं. सरूबाई मागं, भिंतीशी उभी होती.

"सरूबाई, सांगा ना ह्यांना. तुम्हाला तर ठावं हाये."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरूबाईनं पदर दातात धरला, सोडला. "मला काय ठावं बाई? मी मपल्या कामात आसते."

कडूबाईच्या पायाशी वाफ्याच्या कडेला स्टीलची बादली होती, अर्ध्या तासापूर्वी सून ठेवून गेलेली, अजून ओली. तिच्या काठावर मशीनवर कोरून घेतलेलं नाव होतं, सौ. सरूबाई, आणि खाली लग्नाची तारीख. बादली उचलून गोजरबाईच्या हातात दिली असती की झालं असतं. कडूबाईचा हात खाली गेलासुद्धा. मग तिनं वाकून वाळलेलं पान उचलल्यासारखं केलं आणि उभी राहताना पायानं बादली जराशी फिरवली. नाव भिंतीकडं गेलं.

आपण असं का केलं हे तिनं नंतर स्वतःला अनेकदा विचारलं. त्या वेळी तिच्या मनात एवढंच आलं, की ह्या वीसजणी आत्ता निघून जातील, आणि सरूबाई भिंतीपलीकडं रोज राहणार.

बायका गेल्या, पण तक्रार वर पोचली. वर्तमानपत्रात फोटो आला. तीन दिवसांनी पाणीपुरवठ्याचे एक साहेब जीपमधून आले, बरोबर कुदळ-फावडं घेतलेले दोन मजूर. गोकुळ त्यांच्यामागून सायकलवर आला.

"चोरून जोड घेतल्याची तक्रार आहे," साहेब म्हणाले. "वाफा खोदून बघावा लागेल."

"खांदा साहेब," गोकुळ म्हणाला. "दोन पुरुष खोल खांदा. पाईप निघाला तर मला तिथंच पुरा."

कडूबाई पुढं झाली. "साहेब, पिकलंय तेवढं तोडून घेऊ द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता; कंटाळलेला होता. "दहा मिनिटं."

ती ताट घेऊन बसली. अंगठ्याचं नख आणि बोट यांत देठ धरून खुडायचं, ओढायचं नाही, फळ दाबायचं नाही, ह्या सवयीनं तिचा हात चालत राहिला. पूर्ण लाल झालेली आधी. मग पांढऱ्या खांद्याची, जी तिनं एरवी कधी तोडली नसती; त्यांना अजून दोन उन्हं पाहिजे होती. ताटात चिपाडं अंथरून तिनं एकावर एक न येतील अशी मांडली. हिरवी ठेवून दिली. पानांखाली कळ्या होत्या, पांढरी फुलं होती. त्यांच्यावरून तिनं एकदा हात फिरवला आणि उठली.

गल्ली गोळा झाली होती. कुदळ पडली. चिपाडं उडाली, रोपं मुळांसकट बाजूला फेकली गेली. चाळीस रोपांचा वाफा उकरायला पाव तासही लागला नाही. मग खाली दोन फूट, तीन फूट. पायाचे दगड लागले, मुंग्यांचं वारूळ लागलं. पाईप नव्हता. साहेबांनी नळाची तोटी उघडून पाहिली. खर्रकन हवा आली. त्यांनी कागदावर लिहिलं, जोड आढळली नाही. लोक हळूहळू पांगले. गोजरबाई खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिली आणि मग तीही गेली.

मजुरांतला मोठा, कचरू नावाचा, धापा टाकत भिंतीशी बसला. कडूबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि ताट पुढं केलं. त्यानं मातीच्या हातानं एक उचललं, खाल्लं, दुसरं उचललं.

"गोड हाये माय," तो म्हणाला. "लई गोड. मी पयल्यांदाच खाल्ली." मग खड्ड्याकडं बघून म्हणाला, "आमाला जे सांगितलं ते आमी करतो."

"खा," ती म्हणाली. ताट त्या दोघा मजुरांनीच संपवलं.

चौकशीत काही निघालं नाही, तरी महिन्याच्या शेवटी कंत्राटदारानं गोकुळला बोलावून सांगितलं, लोकांचा रोष आहे, सध्या घरी बस, वातावरण निवळलं की बघू. गोकुळनं चावी तिथंच भिंतीला टेकवून ठेवली. एकवीस वर्षं वापरून तिची मूठ गुळगुळीत झाली होती. वातावरण निवळायची वाट त्यानं मे महिन्यापर्यंत पाहिली. बोलावणं आलं नाही. मग तो वाळूजला एका कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीत लागला, बारा तासांची ड्युटी, जाण्यायेण्याचे तीन तास वेगळे.

बादलीची गोष्ट त्याला मंजूकडून कळली. पोरीनं खिडकीतून पाहिलं होतं. तो जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

"नाव कोरलेली बादली होती तिथं?"

"व्हय."

"अन् तू दाखवली नाय."

"सरूबाईचं तोंड गेलं आसतं सगळ्यांसमोर."

"अन् मपलं?" त्यानं विचारलं. "मपलं तोंड कुणाच्या घरचं होतं?"

तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला सोसलं असतं. त्यानं ताट सरकवलं आणि हात धुतला. त्यानंतर तो घरात लागेल तेवढंच बोलू लागला. पूर्वीही फार बोलका नव्हता, पण आता त्याच्या गप्प बसण्याला दार राहिलं नव्हतं. एकवीस वर्षं त्यानं बायकोलासुद्धा मिनिटभर पाणी जास्त दिलं नव्हतं, आणि लोकांच्या तोंडी तो चोर झाला होता. ते पुसायचं एकच फडकं तिच्या हातात होतं आणि ते तिनं भिंतीकडं फिरवलं. हे तो विसरणार नाही, हे तिला कळलं. त्यानं विसरावं असं तिला वाटतही नव्हतं.

मंजूचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. तीही वाळूजला, एका पॅकिंगच्या कामावर जाऊ लागली. बापलेक एकाच बसनं जायचे.

खोदलेल्या मातीतून कडूबाईनं पाच रोपं वेचून डब्यांत लावली होती आणि ती रांजणाखाली ठेवली. पण त्या उन्हाळ्यात नळ बाराव्या दिवसावर गेला. नवा लाईनमन कधी येईल, किती सोडील, कुणाला भरवसा नव्हता. ज्या गल्लीत ओळख त्या गल्लीत धार. लोक आपसांत कुजबुजायचे, गोकुळच्या वेळी बरं होतं म्हणून, पण त्याच्या दारात येऊन कुणी बोललं नाही. प्यायचं पाणी विकतच्या प्लास्टिकच्या जारमधून येऊ लागलं. रांजणात ओतायला काही उरलं नाही, आणि रांजण कोरडा पडल्यावर पाझर कुठला? धुवणाची बादली आता संडासाला लागायची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाचही रोपं दोन दिवसांच्या फरकानं वाळली. कोंब चुरगाळून पाहिला तर आत तपकिरी भुसा होता. डबे तिनं भंगारवाल्याला देऊन टाकले.

जूनमध्ये पाऊस आला. चांगला आला, अगदी नाले भरून. सप्टेंबरात भानुमतीकाकू म्हणाल्या, "मिहिर महाबळेश्वरला चाललाय. तुझ्यासाठी एक ट्रे आणू दे का? हिमानीच्या जिवाला फार लागलंय गं ते."

"तिचं काय चुकलं? नको काकू."

"जागा तर आहे ना?"

"टाकी बसवलीय तिथं. ह्यांनी ओटा बांधला."

टाकी भरण्याइतकं पाणी शेपटाच्या नळाला कधी येत नव्हतं, हे कडूबाईनं सांगितलं नाही.

जानेवारीत एका दुपारी सरूबाई दारात आली. भिंत एकच असून जवळजवळ वर्षभर ती आली नव्हती. उंबऱ्यावरच बसली. डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला.

"सुनेला दिवस गेलेत. पाचवा लागला."

"बरं झालं."

"काही खात नाय. डोहाळे इचारले तर म्हणती, कडूमावशीकडची ती लाल फळं पायजेत." सरूबाईनं खाली बघितलं. "एखादं रोप राह्यलं आसल, कुठं कोपऱ्यात..."

"नाय राह्यलं."

"एखादंबी?"

"नाय. छावणीत गाड्यावर मिळत्यात आता, डब्यात भरून. तिथून आणा."

सरूबाई उठली नाही. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. कडूबाई तिच्याकडं बघत बसली. पूर्वीची असती तर पाठीवर हात ठेवला असता. हात उठत नव्हता, एवढंच, रागानं नाही.

"मी बोलले आसते तर..." सरूबाई म्हणाली. "त्या दिवशी मी बोलले आसते तर काय झालं आसतं गं?"

कडूबाईनं विचार केला. खरं तर तिनं ह्या प्रश्नाचा विचार वर्षभर केला होता, भांडी घासताना, बापलेकीचे डबे भरताना. कधी वाटायचं, सगळं वाचलं असतं. कधी वाटायचं, तहानलेल्या माणसांना कुणीतरी चोर पाहिजेच होता.

"खांदलंच आसतं," ती म्हणाली. "तुम्ही बोलला आसता तरी खांदलंच आसतं."

सरूबाईनं डोळे पुसले. तिला हलकं वाटलं असावं. ती गेली. खरंच तसं झालं असतं का, हे कडूबाईला अजूनही माहीत नव्हतं. पण ते बोलून टाकल्यावर त्यावर विचार करायचंही आता काही उरलं नाही, आणि ते तिला त्या सगळ्याहून जड गेलं.

थोड्या वेळानं तिनं दाराला कडी घातली आणि चपला पायात सरकवून दुपारच्या भांड्यांना निघाली.